चौरंगाचे कोपरे आणि ट्रिमर: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर चौरंगांची कामं आली, म्हणून पाव इंची कोलेटचा (बिट पकडणारी चिमटी) छोटा ट्रिमर, म्हणजे लाकडाच्या कडा मारायचं हातातलं मशीन, आणि खाली बेअरिंग (कडेला टेकून फिरणारं छोटं चाक) असलेला ६ मिमी गोलाईचा बिट (फिरणारं पातं) घेतला. सोलापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो रोज चालतो. सरळ कडेबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ती पहिल्या दिवसापासून सुरेख येते. खरी परीक्षा कोपऱ्यावर.

बेअरिंग कोपऱ्याला टेकून फिरतं, त्यामुळे जिगसॉने (बारीक उभ्या पात्याची विजेची करवत) कापताना राहिलेला उंचवटा जसाच्या तसा गोलाईत उतरतो. म्हणून कोपरा आधी कानस आणि पॉलिश पेपरने घासतो. डोळे मिटून अंगठा फिरवला की कुठे अडतंय ते कळतं.

सागवानाच्या फळीला पहिले दोन महिने ढलप्या निघायच्या, आणि दर वेळी त्याच दोन, समोरासमोरच्या कोपऱ्यांना! बाहेरची कड आपण घड्याळाच्या उलट दिशेने मारतो. लांब बाजूवरून आडव्या बाजूकडे वळताना बिट लाकडाच्या रेषांच्या कलाने जातो, पण आडव्या बाजूवरून परत लांब बाजूला येताना तो रेषांच्या विरुद्ध घुसतो आणि तिथेच लाकूड उचकटतं. आता बिट थोडा थोडा खाली घेत तीन फेऱ्यांत काम करतो. शेवटची फेरी अगदी केसाएवढी ठेवतो, आणि तेवढ्यापुरते ते दोन कोपरे उलट दिशेने मारतो. उलट दिशेने मशीन पुढे पळतं. फळी क्लॅम्पने घट्ट हवी आणि मशीन दोन्ही हातांत. जाड फेरी अशी उलट कधीच मारू नका.

कोपऱ्यावर हात थांबला की लाकूड करपतं. शिवाय तिथे मशीनचा तळ निम्म्याहून जास्त हवेत असतो, जरा कलला की गोलाईत खाच. मी तळाला अॅक्रिलिकची लांब पट्टी बसवली आणि आतल्या बाजूला तळहाताने दाब ठेवतो. माझ्या मते हा सगळ्यात उपयोगी बदल.

मशीनसोबत आलेला बिट सागवानावर लवकर बोथटला, कार्बाइड धारेचाच घ्या. बिटचा दांडाही पाव इंचीच बघा. ६ मिमीचा दांडा त्या कोलेटमध्ये नीट पकडला जात नाही, चालू असताना सरकतो. डिसेंबरमध्ये बेअरिंग चिकाने जाम झालं आणि तयार देव्हाऱ्याच्या कडेवर काळा पट्टा उठला, फार वाईट वाटलं. तेव्हापासून दर आठवड्याला बेअरिंग काढून ठेवतो, बिट रॉकेलने पुसतो, आणि बेअरिंग बोटाने फिरवून बघतो.

मे महिन्यात मात्र पत्र्याखाली बॉडी इतकी तापते की दोन चौरंग झाले की मशीन बाजूला ठेवावं लागतं. आता कामं सकाळी सहालाच सुरू करतो.