पारदर्शक घनाकृतींचा संच : घेण्याजोगा, पण आतली त्रिज्या मोजूनच वापरावा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून आमच्या शाळेसाठी पारदर्शक प्लास्टिकच्या पोकळ घनाकृतींचा संच घेतला. साडेसहाशे रुपयांच्या या संचात घन, इष्टिकाचिती (विटेसारखा आकार), वृत्तचिती (डब्यासारखा दंडगोल), शंकू, गोल आणि अर्धगोल आहेत. वृत्तचिती, शंकू व अर्धगोल यांचा व्यास 7 सेमी असून वृत्तचितीची आणि शंकूची उंचीही 7 सेमी आहे. त्यामुळे या तिन्ही आकृती एकमेकींवर नेमक्या बसतात, आणि हाच या संचाचा सर्वांत मोठा गुण आहे.

आठवीत वृत्तचितीचे आणि नववीत शंकू व गोलाचे घनफळ मुले सूत्राने बरोबर काढतात. मात्र दोन आकृती जोडून एक वस्तू तयार झाली की त्यांचा गोंधळ उडतो. वृत्तचितीवर अर्धगोल असलेल्या वस्तूची एकूण उंची 10.5 सेमी दिली, तर बहुतेक मुले तीच वृत्तचितीची उंची समजून सूत्रात घालतात. फळ्यावरची आकृती ही चूक थांबवू शकत नाही. संचातील अर्धगोल वृत्तचितीवर ठेवून मुलांच्याच हाती पट्टी दिली आणि नंतर अर्धगोल उचलून घेतला, की 10.5 मधून अर्धगोलाची 3.5 सेमी त्रिज्या का वजा करायची हे त्यांना सांगावे लागत नाही. पुढे वृत्तचितीचे 269.5 घसेमी (घन सेंटिमीटर, म्हणजे तेवढेच मिलिलिटर) आणि अर्धगोलाचे सुमारे 89.83 घसेमी मिळवून 359.33 घसेमी हे उत्तर मुले स्वतःच काढतात. या मापांत शंकूचे घनफळही अर्धगोलाएवढेच, म्हणजे वृत्तचितीच्या एकतृतीयांश येते, हे पाणी ओतून दाखवताना वर्गात जे कुतूहल निर्माण होते ते मला फार मोलाचे वाटते.

खुलताबाद तालुक्यातील शाळांना तर याचे उदाहरण शेजारीच आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यातील स्तूपाचा खालचा भाग ढोबळमानाने वृत्तचिती आणि वरचा अंड, म्हणजे घुमटासारखा भाग, अर्धगोल मानता येतो. सहलीपूर्वी संचातील दोन तुकडे जोडून दाखवले, तर मुले तो स्तूप वेगळ्या नजरेने पाहतात.

आता दोषाकडे वळतो, कारण तो लहान नाही. खोक्यावर छापलेली मापे बाहेरची आहेत. प्लास्टिकची जाडी साधारण 2 मिमी असल्याने आतली त्रिज्या 3.5 नव्हे, तर 3.3 सेमी भरते. त्रिज्येतला हा फरक क्षुल्लक वाटला तरी अर्धगोलाच्या घनफळात त्रिज्येचा घन येतो, म्हणून अर्धगोलात सुमारे 75 मिलिलिटरच पाणी मावते. वृत्तचिती व अर्धगोल मिळून हिशोबाने 359 घसेमी यायला हवे, तेथे मोजपात्रात जेमतेम 308 मिलिलिटर पाणी निघते. शंकूची तिरकी भिंतही थोडी जागा खाते. त्यामुळे तीन शंकू पाणी ओतूनही वृत्तचिती काठोकाठ भरत नाही, वरची सुमारे 3 मिमी रिकामी राहते. हे आधी समजावून सांगितले नाही, तर सूत्रच चुकीचे आहे असा मुलांचा समज होऊ शकतो, आणि शैक्षणिक साहित्याकडून असे होणे मला मान्य नाही. उत्पादकाने आतली मापे छापायलाच हवीत. तोवर शिक्षकांनी मुलांकडूनच आतला व्यास मोजून घ्यावा आणि त्या मापाने गणित करावे. मग मोजपात्रातील आकडा व वहीतील उत्तर बऱ्यापैकी जुळतात.

झाकणे सैल आहेत, त्यामुळे पाणी झिरपते. खाली परात ठेवावी. शंकूछेद, म्हणजे टोकाचा भाग कापलेला शंकू, मात्र संचात नाही, आणि दहावीच्या महत्त्वमापन या प्रकरणासाठी तो आवश्यक असल्याने वेगळा घ्यावा लागतो. ही उणीव धरूनही आठवी-नववीसाठी हा संच घ्यावा असेच माझे मत आहे. फक्त खरेदीच्या वेळी दुकानातच अर्धगोल वृत्तचितीवर ठेवून पाहावा आणि कडा जुळत नसतील तर संच बदलून मागावा.