दहा स्टॉपचा एनडी फिल्टर : वर्षभराच्या वापरानंतर

खिडकीसमोर धरली तर खिडकीची चौकट तेवढी अंधुक दिसते, पलीकडचे काही नाही, इतकी ही काच काळी आहे. लेन्सच्या तोंडाशी असलेल्या आट्यांवर फिरवून बसवायचा हा ७७ मिमी व्यासाचा न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर असून त्याच्या कडेवर ‘एनडी १०००’ आणि ‘३.०’ असे दोन आकडे कोरलेले आहेत. दोन्हींचा अर्थ एकच आहे, दहा स्टॉप; स्टॉप हे प्रकाश कमी-जास्त मोजण्याचे माप. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, दहा स्टॉपला तो १०२४ पटींनी कमी होतो, आणि त्या प्रमाणात शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते.

मी तो घेतला तो सगळेच घेतात त्याच कारणासाठी, म्हणजे शटर बराच वेळ उघडे राहून वाहते पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून. हे आकर्षण दोन महिन्यांत ओसरले; पाण्याचे दूध झालेली छायाचित्रे पहिली दहा चांगली वाटतात, पुढची सारखीच दिसू लागतात. तरीही फिल्टर माझ्या पिशवीतून निघालेला नाही, कारण त्याने छायाचित्र घेण्याच्या कामांचा क्रमच बदलून टाकला आहे.

फिल्टर बसवल्यानंतर व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख होतो आणि ऑटोफोकस बहुधा निकामी ठरतो. लेन्सची मोटर पुढे-मागे चाचपडत राहते आणि काहीच पकडू शकत नाही. त्यामुळे चौकट ठरवणे, क्षितिज सपाट करणे, नको असलेली फांदी कडेतून वगळणे आणि फोकस साधणे ही सारी कामे काच लावण्यापूर्वीच संपवावी लागतात. फोकस मिळाला की लेन्सवरची कळ मॅन्युअलवर सरकवायची आणि मगच फिल्टर हलक्या हाताने फिरवत बसवायचा. येथेच मी तीनदा फसलो आहे: थंडीने बोटे आखडलेली, आटे नीट जुळत नाहीत, डाव्या हाताने लेन्स जरा घट्ट धरली जाते आणि फोकसची रिंग केसभर सरकते. हे घरी मोठ्या पडद्यावर पाहिल्याशिवाय कळतही नाही. आता मी रिंगवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावतो. उपाय ओबडधोबड आहे, पण चुकत नाही.

पूर्वी मी एका सकाळी दीडदोनशे फ्रेम घेत असे आणि त्यांतली निवड घरी करत असे. आता निवड शटर दाबण्याच्या आधी होते, कारण प्रत्येक फ्रेमची किंमत मिनिटांत मोजावी लागते. हिशेब साधा आहे. फिल्टरशिवाय १/६० सेकंद लागत असतील तर फिल्टरसह सुमारे १७ सेकंद लागतात. संध्याकाळी १/४ सेकंदावर आलो असू तर २५६ सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटांहून थोडे अधिक. बहुतेक कॅमेऱ्यांचे शटर आपणहून ३० सेकंदांपर्यंतच उघडे राहते, त्यापुढे बल्ब मोड, म्हणजे आपण थांबवेपर्यंत शटर उघडे ठेवणारी सोय, आणि रिमोट लागतो. शिवाय लांब एक्स्पोजरमध्ये उमटणारे रंगीत ठिपके काढणारे ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू असेल तर कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून दुसरी, कोरी फ्रेम घेतो, म्हणजे वाट पाहणे दुप्पट होते आणि तासाभरात सहासात छायाचित्रे हाती लागतात. मावळतीला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे शटर उघडे असतानाच उजेड घटत असतो आणि हिशेबाने आलेला वेळ अपुरा पडतो.

कोरलेल्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. एकाच दृश्याची फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय छायाचित्रे घेऊन हिस्टोग्राम, म्हणजे छायाचित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख, ताडून पाहिल्यावर माझा नग दहापेक्षा सुमारे एकतृतीयांश स्टॉपने अधिक गडद निघाला, म्हणून हिशेबात १७ सेकंद येतात तेथे मी २१ ते २२ देतो. ही चाचणी सारखा उजेड असताना एकदाच करावी आणि उत्तर फिल्टरच्या डबीच्या झाकणावर लिहून ठेवावे.

शटर उघडे असताना कॅमेऱ्यात पाहण्यासारखे काही नसते, म्हणून माणूस समोर पाहू लागतो. ढग कोणत्या दिशेने सरकत आहेत हे मी पूर्वी कधी पाहिलेच नव्हते. ते आडवे जात असतील तर छायाचित्रात पट्टे उमटतात आणि आपल्याकडे येत असतील तर एका बिंदूतून फाकलेल्या रेषा, इतका फरक त्या एका दिशेने पडतो. एकदा ओढ्याकाठच्या डोहात हाताच्या पंजाएवढा फेसाचा पुंजका एका खडकाआड संथपणे फिरत होता. साध्या डोळ्यांना तो फेसच होता, चार मिनिटांच्या फ्रेममध्ये त्याचे जवळजवळ पूर्ण वर्तुळ झाले. तो पुंजका दिसला तो आधीच्या फ्रेमची वाट पाहत उभा होतो म्हणून.

ही सक्तीची वाट नवी नाही. १८३८ मध्ये लुई दागेर याने पॅरिसच्या एका रस्त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा एक्स्पोजर काही मिनिटांचे असल्यामुळे सारी वर्दळ पुसली गेली आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा उमटला. दागेरसमोर दुसरा मार्ग नव्हता. आपण तीच अडचण मुद्दाम विकत घेतो, याची थोडी गंमत वाटते.

दोष आहेत आणि ते लहान नाहीत. माझ्या काचेमुळे छायाचित्रावर थंड निळी झाक येते. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) बदलून ती बरीचशी जाते, पण ढगांच्या सावल्यांत उरतेच. फिल्टर जोर लावून घट्ट केला तर तो अडकतो आणि रबरी पकडीशिवाय निघत नाही. आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर झाकला नाही तर मागून शिरलेला उजेड फ्रेमवर पट्टा ओढतो. ट्रायपॉड हलका असेल तर त्याला पिशवी टांगावी, पण तिचा तळ जमिनीला टेकलेला असावा. लोंबकळणारी पिशवी वाऱ्यात झोके घेते आणि सगळेच डळमळते. रुंद लेन्सवर दुसऱ्या फिल्टरच्या जोडीने हा लावला की कोपरे काळे पडतात, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

पक्षी टिपणाऱ्यांनी किंवा इतरांसोबत चालत छायाचित्रे घेणाऱ्यांनी हा घेऊ नये. सोबतचे लोक दुसऱ्या फ्रेमलाच कंटाळतात. पाण्याला थोडा वाहतेपणा देणे एवढाच हेतू असेल तर सहा स्टॉपचा, म्हणजे ६४ पटींचा, फिल्टर अधिक सोयीचा आहे, कारण भरपूर उजेडात त्याच्यातून काहीसे दिसते आणि बऱ्याच कॅमेऱ्यांना फोकसही मिळतो. ज्यांच्या संगणकात हजारो न पाहिलेल्या फ्रेम पडून आहेत त्यांनी मात्र दहाचाच घ्यावा, आणि आधी ट्रायपॉड चांगला घ्यावा.