कानातला मळ आणि सहा बैठकांचे पॅकेज

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी डोक्यावरून आंघोळ केल्यानंतर माझ्या उजव्या कानाला दडा बसला आणि तो संध्याकाळपर्यंत सुटला नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात घरात दिवसभर कूलर घोंगावत असतो, त्यामुळे कमी ऐकू येणे पहिले दोन दिवस मी त्याच्याच खात्यावर टाकले. तिसऱ्या दिवशी फोन उजव्या कानाला लावला, तेव्हा पलीकडचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटला आणि मी घाबरलो. मधल्या काळात बहुतेकांप्रमाणे मीही कापसाची काडी फिरवून पाहिली होती, एकदा तर स्कूटरच्या किल्लीचे टोकही घातले होते. या काड्यांनी मळ बाहेर येण्याऐवजी आत ठासला जातो, हे मला पुढे एका डॉक्टरांनी सांगितले. परंतु तोवर बरेच काही घडून गेले होते.

मी लेखापरीक्षण खात्यात एकतीस वर्षे नोकरी केली. दुसऱ्यांच्या पावत्या, व्हाउचर आणि दरपत्रके तपासण्यात आयुष्य गेले. हे सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे जे घडले ते भोळेपणामुळे घडले अशी कोणी समजूत करून घेऊ नये.

मोबाइलवर कान साफ करून देणारे ठिकाण शोधताना सर्वांत वर एका केंद्राचे नाव आले. नावाच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असे लिहिले होते, पण ते मी नंतर पाहिले. त्या वेळी नजरेत भरले ते पाच तारे आणि ‘मोफत कॅमेरा तपासणी’ हे शब्द. मानेवाडा भागातील एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत हे केंद्र होते. आत वातानुकूलन, मंद संगीत, भिंतीवर कानाच्या अंतर्भागाचे मोठे रंगीत चित्र आणि ऑपरेशन थिएटरमध्ये घालतात तशा निळ्या पोशाखातला पंचविशीचा एक तरुण. त्याने पेनासारखे एक उपकरण माझ्या कानाशी धरले आणि समोरच्या टॅबवर चित्र उमटले. तपकिरी, ओलसर, खडबडीत अशी एक भिंत दिसत होती आणि तिच्या डाव्या बाजूला आकड्यासारखा वळलेला एक पांढरा केस होता. मी दचकल्याचे पाहून तो म्हणाला, “काहून घाबरता काका? आत किती कचरा आहे ते तुम्हीच बघून घ्या ना.” डाव्या कानातही तसेच चित्र दिसले. डाव्या कानाने मला व्यवस्थित ऐकू येत होते, तरीही मी तो प्रश्न विचारला नाही.

उपचार मेणबत्तीचा होता. मेणात बुडवलेल्या कापडाची पोकळ नळी कानात उभी करायची, वरचे टोक पेटवायचे आणि ज्योतीच्या ओढीने मळ वर खेचला जातो, असा त्याचा दावा होता. ही अमेरिकेतील होपी आदिवासींची शेकडो वर्षांपूर्वीची विद्या असल्याचेही त्याने सांगितले. (होपी लोकांच्या प्रतिनिधींनी ही पद्धत आपली नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे, हे मला नंतर वाचायला मिळाले.) दहा मिनिटांनी त्याने उरलेले थोटूक काढून माझ्यासमोर कात्रीने उभे चिरले. आत पिवळसर तपकिरी भुकटी आणि चिकट गोळे होते. “हे सगळं तुमच्या कानातलं,” तो म्हणाला. ते पाहून मला किळस आली आणि त्याच किळसेच्या भरात मी सहा बैठकांचे ६,५०० रुपयांचे पॅकेज आणि ६५० रुपयांची तेलाची बाटली घेतली. घरी वापरण्यासाठी दोन मेणबत्त्या भेट मिळाल्या. पावती म्हणून एका कोऱ्या चिठ्ठीवर ‘सेवा शुल्क’ असे लिहून खाली सही केलेली होती. कार्यालयात अशी चिठ्ठी कोणी समोर ठेवली असती तर मी ती परत पाठवली असती.

त्या रात्री कानात चुरचुर सुरू झाली. ऐकू येण्यात तर काहीच फरक नव्हता. मेणबत्ती जळत असताना एक गरम थेंब आत पडल्यासारखे मला वाटले होते. त्या तरुणाने ती ‘उपचाराची ऊब’ असल्याचे सांगितले होते. फोन केला तेव्हा दुसऱ्या बैठकीत सारे मोकळे होईल, असे उत्तर आले. चार दिवसांनी मी दुसऱ्या बैठकीला गेलो तेव्हा पत्नी सोबत होती आणि मोफत तपासणी म्हणून तीही खुर्चीवर बसली. टॅबवर तपकिरी भिंत आली. पत्नी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अहो, हा वाकडा केस तुम्ही सांगितला होता ना? तो माझ्या कानात कसा आला?” त्याच वेळी त्या तरुणाने कापूस घेण्यासाठी पेन कानातून काढून ट्रेमध्ये ठेवले. टॅबवरचे चित्र मात्र तसेच राहिले आणि हळूहळू हलतही राहिले.

पेन ट्रेमध्ये आणि चित्र कानातले. तो आधीच साठवून ठेवलेला व्हिडिओ होता. पत्नीच्या किंवा माझ्या कानात त्या ठिकाणी कोणी डोकावलेच नव्हते.

आम्ही आवाज चढवला, तेव्हा आतून एक मध्यमवयीन गृहस्थ आले आणि त्यांनी तांत्रिक बिघाड झाल्याचे सांगितले. डॉक्टर कोण, असे विचारल्यावर त्यांनी शांतपणे उत्तर दिले की हे दवाखाना नसून वेलनेस सेंटर आहे, येथे ‘थेरपी’ दिली जाते आणि कोणीही स्वतःला डॉक्टर म्हणवत नाही. मी फलक पुन्हा पाहिला. खरोखरच त्यावर डॉक्टर, क्लिनिक, रुग्ण यांपैकी एकही शब्द नव्हता. निळ्या पोशाखाने आणि भिंतीवरच्या चित्राने ते शब्द आमच्या मनात आपोआप भरले होते. पैसे परत मिळणार नाहीत, उरलेल्या पाच बैठका वर्षभरात केव्हाही घ्याव्यात, असे सांगून त्यांनी आम्हाला निरोप दिला.

घरी आल्यावर भेट मिळालेली एक मेणबत्ती मी स्टीलच्या रिकाम्या पेल्याच्या तोंडावर पुठ्ठा बसवून त्यातील भोकात उभी केली आणि पेटवली. दहा मिनिटांनी ती विझवून कात्रीने चिरली. तीच पिवळसर भुकटी, तेच चिकट गोळे. पेल्याला कान नव्हता. मला दाखवलेला मळ म्हणजे मेण आणि कापड जळून झालेला गाळ होता. पुढे वाचले तेव्हा कळले की १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हेच प्रयोगाने तपासले गेले होते: अशा मेणबत्तीने कानात कोणतीही ओढ निर्माण होत नाही, मळ निघत नाही आणि उलट कानात मेणाचे थेंब साचू शकतात. माझ्या लहानपणी सीताबर्डीवर कान कोरणारे बसत. त्यांतले काही जण बोटांच्या बेचक्यात आधीच लपवलेला पिवळा खडा कानातून काढल्यासारखा दाखवत, असे वडील सांगत असत. पद्धत तीच होती; त्या माणसाला निदान हातचलाखी शिकावी लागत असे.

दुसऱ्या दिवशी धंतोलीतील एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. कानाला हात लावण्यापूर्वी त्यांनी पाच-सहा प्रश्न विचारले: कान कधी वाहिला होता का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, पडद्याला छिद्र असल्याचे कोणी सांगितले होते का, चक्कर येते का, मधुमेह आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. तो ऐकून त्यांचा चेहरा थोडा गंभीर झाला, कारण मधुमेही माणसाच्या कानातल्या नाजूक त्वचेला जखम झाली आणि तिच्यात जंतुसंसर्ग शिरला तर तो क्वचित हाडापर्यंत जाऊ शकतो. केंद्रात मला मधुमेहाबद्दल कोणी विचारले नव्हते.

नंतर त्यांनी कंपन करणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) माझ्या कपाळाच्या मध्यभागी टेकवला आणि आवाज कोणत्या बाजूला मोठा वाटतो असे विचारले. तो मला बंद असलेल्या उजव्या कानात मोठा वाटला. मी चूक सांगितली की काय, अशी मला शंका आली, पण डॉक्टर मात्र निश्चिंत झाले. त्यांनी समजावून सांगितले की मार्गात अडथळा असेल तर हाडातून जाणारा हा आवाज त्याच कानात मोठा ऐकू येतो. दोष आतल्या नसेत असता तर तो चांगल्या कानाकडे गेला असता. एका कानाने अचानक ऐकू येईनासे होण्यामागे कधी कधी मळ नसतोच, आतला कान किंवा नस दुखावलेली असते आणि त्यावरचे औषध पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच विशेष उपयोग होतो. माझे सुमारे आठ दिवस पेटत्या मेणबत्तीखाली गेले होते. ते ७,१५० रुपयांपेक्षा मला अधिक महाग पडू शकले असते आणि ते पडले नाहीत यात माझ्या शहाणपणाचा काही भाग नव्हता.

दुर्बिणीतून पाहिल्यावर उजव्या कानात खोलवर ठासलेला कडक मळ, त्यावर मेणाचा पांढरट ठिपका आणि सुजलेली लाल त्वचा दिसली. पडदा दिसत नसल्यामुळे त्यांनी पाण्याची पिचकारी मारण्यास साफ नकार दिला. छिद्र असलेल्या पडद्यावर पाण्याचा मारा झाला तर पाणी मधल्या कानात जाते, आणि पाणी शरीराच्या तापमानाइतके कोमट नसेल तर गरगरायला लागते. पाच दिवस मळ मऊ करणारे थेंब टाकायचे ठरले. बाटली आधी तळहातात धरून कोमट करायची, थेंब टाकल्यावर पाच मिनिटे कुशीवर पडून राहायचे. या थेंबांनी मळ फुगून सुरुवातीला आणखी कमी ऐकू येऊ शकते, हे त्यांनी आधीच सांगितल्यामुळे तिसऱ्या दिवशी तसे झाले तेव्हा आम्ही घाबरलो नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नळीने मळ ओढून काढला. नळी कानाच्या एका विशिष्ट जागी लागली की मला खोकला येत असे. घशाकडे जाणाऱ्या नसेची एक बारीक शाखा कानातही असते, त्यामुळे तसे होते. शेवटी त्यांनी लहान चिमट्याने काळपट तपकिरी, वाटाण्याएवढा एक गोळा काढला. कूलरचा आवाज एकदम अंगावर आला. पडदा शाबूत होता. डाव्या कानाबद्दल ते म्हणाले, “हा स्वच्छ आहे, याला हात लावायची गरज नाही.” दोन वेळची तपासणी, थेंब आणि मळ काढणे मिळून २,१०० रुपये खर्च आला आणि पावतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक छापलेला होता.

त्या क्रमांकाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दाखवणे बंधनकारक आहे आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधून पाहता येते. कानासाठी नावापुढे ई.एन.टी. विषयातील एम.एस., डी.एन.बी. किंवा डी.एल.ओ. ही पदवी वा पदविका असावी. श्रवणतज्ज्ञ म्हणजे ऑडिओलॉजिस्ट हे वेगळे. ते ऐकण्याची तपासणी करतात आणि त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. खासगी फी परवडत नसेल तर नागपुरातील मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे; रांग लागते, परंतु तेथे पडदा पाहिल्याशिवाय कोणी पॅकेज विकत नाही. फोनवर मी आता एकच गोष्ट विचारतो: मळ कोण काढणार आणि त्यापूर्वी पडदा कोण पाहणार? उत्तरात ‘आमची टीम’ असे आले की मी फोन ठेवतो.

ज्यांना काही त्रास नाही त्यांनी तर कुठेच जाऊ नये. कानातली त्वचा स्वतःच हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते आणि जेवताना-बोलताना जबडा हलतो तसा मळही बाहेर येतो. तो थोडा असणे कानाच्या रक्षणासाठी असते. मळ काढणे गरजेचे ठरते ते ऐकू येत नसेल, दुखत असेल किंवा डॉक्टरांना पडदा पाहायचा असेल तेव्हा.

पैशांसाठी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. चिठ्ठी, पैसे भरल्याचा मोबाइलवरचा पुरावा, डॉक्टरांचा अहवाल आणि चिरलेल्या मेणबत्तीची छायाचित्रे जोडली. केंद्राचे म्हणणे तेच राहिले: आम्ही उपचार करत नाही. जाहिरातीत मात्र ‘बहिरेपणावर खात्रीशीर उपाय’ असे शब्द होते आणि पत्नीने त्याचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी घेऊन ठेवला होता. तो पाठवल्यानंतर ३,००० रुपये खात्यात आले. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करण्याची तयारी चालू आहे. त्या पाच ताऱ्यांचे अभिप्रायही मी नंतर एकेक करून वाचले. एकाच आठवड्यात लिहिलेले, ‘कर्मचारी अतिशय नम्र’ हे शब्द अकरा ठिकाणी जसेच्या तसे.

मानेवाड्यातील ती सदनिका आता रिकामी आहे. परवा मोबाइलवर नवी जाहिरात आली: वेगळे नाव, वर्धा रोडचा पत्ता, मोफत कॅमेरा तपासणी. सोबतच्या नमुना चित्रात तपकिरी भिंत होती आणि डाव्या बाजूला तो वाकडा पांढरा केस.