आईच्या ओठावरचे फोड, हर्बल कोर्स आणि १८,६०० रुपये

आईला गेली दहाएक वर्षं ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात, जागरण झालं, उन्हात फिरली, ताप आला की आलेच. हर्पीसचा व्हायरस. मी मोबाईलवर एकदा शोधलं तर लगेच जाहिराती सुरू, व्हायरस मुळासकट जाणार, १०० टक्के हर्बल. फॉर्म भरला, दहा मिनिटांत फोन, स्वतःला वैद्य म्हणवणारी बाई इतक्या आपुलकीने बोलली की सगळं सांगून बसलो. तीन महिन्यांचा कोर्स, १८,६०० रुपये, आधी पैसे मग पार्सल.

गुळवेल, काडेचिराईत, ज्येष्ठमधाचा अर्क, सोबत व्हायरस मेल्याच्या लॅब रिपोर्टची झेरॉक्स. दीड महिना फोड आले नाहीत, आम्ही खूश, मी तर दोन नातेवाईकांना पण नंबर दिला.

मग आईचे पाय सुजले, पोटऱ्यांत गोळे यायला लागले, जिना चढताना गळून जायची. बीपी कधीच नव्हतं, ते १७०/१००, रक्तातलं पोटॅशियम २.८, म्हणजे फारच कमी. डॉक्टरांना डबी दाखवली तर त्यांनी बोट ठेवलं ते ज्येष्ठमधावरच. त्यात ग्लिसरायझिन असतं, ते रोज जास्त पोटात गेलं की अंगात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. खोकल्याला कधीतरी काडी चघळतो त्याची आणि रोज चार कॅप्सूल अर्काची तुलनाच नको.

आणि तो व्हायरस चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत दडून बसतो, तिथून कायमचा काढणारं औषध अजून कुठल्याच पॅथीत नाही, लॅबमध्ये काचेच्या डिशमध्ये मेला म्हणून माणसात मरत नाही. फोड तसेही मधे काही महिने येत नाहीत, आणि त्याचंच श्रेय हे लोक घेतात! आता ओठाला चुणचुण सुरू झाली की आई डॉक्टरांनी दिलेलं असायक्लोव्हिर, म्हणजे व्हायरसची वाढ रोखणारं औषध, घेते.

डबी नीट वाचली तर आयुर्वेदिक औषधाचं लायसन्स नाहीच, नुसता फूड सप्लिमेंटचा नंबर. पैसे परत मागितले तर मला ब्लॉक केलं. १९१५ वर ग्राहक तक्रार केली. आठ दिवसांनी वेगळ्याच नंबरवरून "रिफंड विभाग", पूर्ण पैसे मिळतील पण आधी २,२०० जीएसटी भरा, आईचं नाव, कोर्स, रक्कम सगळं त्यांना पाठ. भरले नाहीत, तो नंबर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवला.

त्या दोन्ही नातेवाईकांच्या घरी मी स्वतः जाऊन डब्या घेऊन आलो. मामींची अर्धी संपली होती आणि त्यांना आधीपासून बीपीची गोळी चालू आहे.