पाचटावर चालणाऱ्या गोबर गॅसच्या नावाखाली फसवणूक

गेल्या गळीत हंगामात वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठच्या गावांतून एक विक्रेता फिरत होता. जनावरे नसली तरी चालतील, उसाचे पाचट आणि घरचे खरकटे टाका, स्वयंपाकाचा गॅस मिळेल आणि वर खतही मिळेल, असे तो सांगत असे. आमच्यासह ज्यांच्या गोठ्यात आता एकही जनावर उरलेले नाही, अशा घरांना त्याने बरोबर हेरले होते. पिशवीचे संयंत्र, शेगडी आणि ‘जिवाणू कल्चर’चा ड्रम यांचे मिळून त्याने २८ हजार रुपये घेतले आणि त्यांतील निम्मे अनुदानातून परत येतील, अशी हमी दिली.

थोड्याच दिवसांत पिशवी टम्म फुगली आणि शेजारीपाजारी पाहायला आले. मात्र शेगडीचा कॉक उघडून पेटती काडी धरली की ती विझायची, आणि वास यायचा तो आंबट. पिशवी फुगली म्हणजे गॅस आहे, आणखी एक ड्रम टाका, असे फोनवर सांगून तो त्या ड्रमचे पैसे वेगळे घेई. ड्रममधले पाणी चिकट आणि गोडसर होते; साखर कारखान्यात काम केलेल्या शेजाऱ्याने ते मळीचे पाणी असल्याचे बोट लावताच ओळखले.

गोड पदार्थ आणि खरकटे आधी आंबते, त्यातून आम्ल तयार होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. पिशवी फुगते ती त्यानेच. तो जळत नाही, आणि आम्लता वाढली की जळणारा वायू, म्हणजे मिथेन, तयार करणारे जिवाणू कामच करत नाहीत. पाचटात नत्र फारच कमी आणि लिग्निन (सहज न कुजणारा लाकडी भाग) भरपूर, त्यामुळे ते पिशवीत नुसते तरंगत राहते. २ घनमीटरच्या साध्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकेच पाणी लागते, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे हवीतच. विक्रेता नमुना म्हणून जी पेटती शेगडी दाखवत असे, ती म्हशींच्या गोठ्यामागची होती, हे आम्हाला नंतर कळले.

पाचटाचे खतच करायचे असेल, तर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरून ते शेतातच कुजवण्याची शिफारस आहे. त्यासाठी पिशवी लागत नाही.

अनुदानाबाबत पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी केली, तेव्हा आमच्या नावाचा अर्जच तेथे नव्हता, मग अर्जासाठी म्हणून विक्रेत्याने घेतलेल्या ‘फाइल खर्चा’चे काय झाले हे उघडच आहे. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता अर्धवट आहे. असा कोणी दारात आला, तर अर्ज स्वतः पंचायत समितीत जाऊन द्या, आणि ज्याच्या घरी एकही जनावर नाही अशा शेतकऱ्याची पेटती शेगडी दाखवायला सांगा. पैसे दिले गेले असतील, तर पावती, फोन नंबर आणि पैसे पाठवल्याचा पुरावा जपून ठेवून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा.