पुण्याच्या पेठांमधला ऑडिओ-मार्ग, आठ महिन्यांनंतर: आधी ती बासरी बंद करा

पेठांमधून चालत फिरताना ऐकायच्या माहितीच्या एका ॲपवर फेब्रुवारीत घेतलेल्या तीन मार्गांबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. साहित्य, संगीत आणि इतिहास असे तीन वेगवेगळे मार्ग, प्रत्येकी १९९ रुपये, म्हणजे एकूण ५९७. फोन खिशात, कानात इयरफोन, ठरलेल्या जागी पोचलं की निवेदन आपोआप सुरू, हे तुम्हाला माहीत असेलच. गेल्या महिन्यात हे तिन्ही मार्ग माझ्या फोनमधून नाहीसे झाले आणि ते परत मिळवायला एकोणीस दिवस भांडावं लागलं, म्हणून आज लिहायला बसलो. ॲपचं नाव घेत नाही. ज्यांनी वापरलंय त्यांना बासरीवरून कळेलच.

तर बासरी. प्रत्येक निवेदनामागे एक बासरी वाजते. साधारण वीस सेकंदांचा तुकडा आहे, तोच पुन्हा पुन्हा. शनिवारवाड्यावर तीच, तुळशीबागेत तीच, केसरीवाड्यात तीच. आवाज कमी केला तर निवेदकाचाही आवाज कमी होतो. ती बंद करायची सोय कुठेही नाही. पहिल्या रविवारी मला ती खटकलीही नव्हती. तिसऱ्या रविवारी आई बरोबर होती.

आईचं बालपण सदाशिव पेठेत गेलं. आता आम्ही कोथरूडला राहतो आणि गुडघ्यांमुळे तिचं पेठांत जाणं जवळपास थांबलंय. हे मार्ग घेतले ते मुख्यतः तिच्यासाठी. आपल्या वेगाने चालायचं, थकलो की थांबायचं, गटाबरोबर पळायला नको. ही कल्पना मला तेव्हाही आवडली होती, आजही आवडते. संगीताच्या मार्गावर आम्ही शनिवार पेठेत भारत गायन समाजापाशी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. वरून कुणाचा तरी रियाज ऐकू येत होता. तबल्याचा ठेका, त्यावर एकच तान अडखळत पुन्हा पुन्हा घेणारा कोवळा आवाज. आई जागीच थांबली. तेवढ्यात माझ्या फोनने जागा ओळखली आणि बासरी सुरू झाली.

"अरे, ते बंद कर आधी," आई म्हणाली. "ते ऐकू दे मला."

ही संस्था भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये सुरू केली. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकलेला माणूस. त्यांच्या संस्थेच्या दारात, आत गाणं चालू असताना, आपण यंत्रातली बासरी ऐकायची? त्या दिवसापासून ती बासरी माझ्या डोक्यात बसली. मी कंपनीला मेल केला. आठ दिवसांनी उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुढे अजून दोन मेल केले, तेच उत्तर.

मार्ग तीन केलेत, यावरही माझा राग आहे. पैशाचा भाग आहेच, पण मुख्य म्हणजे त्या पेठांमधला इतिहास तीन पिशव्यांत मावत नाही. उदाहरण देतो. साहित्याच्या मार्गावर केसरीवाडा येतो. गायकवाडांचा हा वाडा टिळकांनी १९०५ साली घेतला, हे नीट सांगितलंय. संगीताच्या मार्गावर गायन समाज येतो, तिथे भास्करबुवा भेटतात. पण या दोन जागांना जोडणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर कुठेच नाहीत! टिळक मंडालेला गेल्यावर केसरीचं संपादन खाडिलकरांनी सांभाळलं. त्यांच्या कीचकवध नाटकात लोकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच खाडिलकरांच्या १९१६ च्या स्वयंवर नाटकाला भास्करबुवांनी चाली दिल्या आणि ती पदं बालगंधर्वांनी गायली. नारायण राजहंस या मुलाला बालगंधर्व म्हणणारेही टिळकच. अग्रलेख, नाटक, गाणं, सगळं त्याच चार गल्ल्यांत एकमेकांत मिसळलेलं होतं. तिन्ही मार्गांचे पैसे भरूनही हे मला ॲपने सांगितलं नाही, आईने सांगितलं. केसरीवाड्याच्या चौकात बसून, पाण्याची बाटली हातात घेऊन.

आता बिघाडाबद्दल. पेठेतल्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी इमारती उंच झाल्यात, त्यामुळे फोनला जागा नीट कळत नाही. आप्पा बळवंत चौकात दर वेळी नाना वाड्याचं निवेदन पुन्हा सुरू व्हायचं. तक्रार केल्यावर "ॲप काढून पुन्हा टाका" असं उत्तर आलं. तसं केलं आणि घेतलेले मार्ग गेले. पावती पाठवली, बँकेच्या नोंदीचा फोटो पाठवला, दोनदा फोन केला. पलीकडची मुलगी नम्र होती, पण तिच्या हातात काहीच नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी मार्ग परत आले. रक्कम मोठी नाही हे मलाही कळतं. पण पैसे मोजून घेतलेली वस्तू माझीच आहे हे मीच पुन्हा पुन्हा सिद्ध करायचं, याचा मनस्ताप रकमेवर मोजता येत नाही.

दुसरा दोष त्याहून गंभीर आहे. इतिहासाच्या मार्गावर भिडे वाड्यापाशी निवेदन म्हणतं, "समोरची ही जुनी इमारत पाहा." जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे सुरू केली तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला, स्मारकासाठी. मी हा मार्ग त्यानंतर विकत घेतला. आमच्याच बाजूला एक बाहेरगावचं जोडपं फोन हातात घेऊन ती इमारत शोधत होतं. त्यांना काय सांगावं ते क्षणभर सुचेना. पुण्यातल्या या एका जागेबद्दल तरी चुकीची माहिती विकली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

इथपर्यंत मी एकच तारा देणार होतो. पण मार्ग परत आले त्या रात्री ॲप चाळताना प्रत्येक ठिकाणाच्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरांत "मजकूर वाचा" असं दिसलं. सात महिन्यांत ते माझ्या नजरेला पडलंच नव्हतं. तिथे पूर्ण निवेदन लिहिलेलं आहे, आणि ते फार चांगलं लिहिलेलं आहे. कानात बासरीखाली दबलेली वाक्यं वाचताना वेगळीच वाटली. शनिवारवाड्याच्या मजकुरात १० जानेवारी १७३० ची पायाभरणी आणि १८२८ ची आग आहेच, पण दिल्ली दरवाज्यावरच्या नगारखान्याबद्दल दोन परिच्छेद आहेत. विश्रामबागवाड्याच्या मजकुरात तिथे १८२१ मध्ये सुरू झालेली संस्कृत पाठशाळा आहे, तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं. आप्पा बळवंत चौकाच्या मजकुरात हे आप्पा म्हणजे पानिपतच्या मोहिमेत पडलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांचे चिरंजीव, हेही आहे. लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीय. त्याच्या कामावर दुसऱ्याच कुणीतरी ती बासरी ओतलीय.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. इयरफोन घरीच ठेवतो. घरून निघण्याआधी दोन-तीन ठिकाणांचा मजकूर मी फोनवरून वहीत उतरवून घेतो, तिथे गेल्यावर आईला मोठ्याने वाचून दाखवतो. एका फेरीत तीनच ठिकाणं, त्याहून जास्त नाही. मध्ये एखाद्या घरावर तिथे कोण राहायचं हे सांगणारी निळी पाटी दिसली की तीही वाचतो. आई ऐकता ऐकता मध्येच थांबवते आणि तिचं काहीतरी घालते. रमणबागेच्या शाळेपाशी मजकुरात एवढंच आहे की १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पुढे बरीच वर्षं इथल्या मैदानावर होत असे. आई म्हणाली, "लिही. रात्रभर चालायचा तेव्हा. पहाटे थंडी वाजायची, शाली आणलेल्या असायच्या, आणि भीमसेन शेवटी गायचे म्हणून कुणी उठायचं नाही." मी लिहिलं. वहीत आता त्यांचा मजकूर निळ्या शाईत आणि आईचा काळ्या शाईत आहे.

जे घेणार असतील त्यांच्यासाठी ॲपमध्ये नसलेली एक गोष्ट सांगतो: उभं कुठे राहायचं. निवेदनं चार-पाच मिनिटांची आहेत आणि बहुतेक जागी चार मिनिटं उभं राहायला फुटपाथ नाही. शनिवारवाड्यापुढे मोकळं पटांगण आहे, तिथे प्रश्न नाही. नाना वाड्याचा मजकूरही तिथेच ऐकून घ्या, रस्त्यावर थांबू नका. केसरीवाड्यात आत जा. आप्पा बळवंत चौकात शाळा सुरू व्हायच्या दिवसांत पुस्तकं घेणाऱ्यांच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तिथला भाग आदल्या दिवशी घरीच वाचा. तुळशीबागेत दुकानांपाशी थांबलात तर लोक ढकलतील. रामाच्या देवळाच्या आवारात जाऊन बसा, निवेदनही त्या देवळाचंच आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भरत नाट्य मंदिर जवळजवळ आहेत, पण ॲपने ते दोन वेगळ्या मार्गांत टाकलेत. दोन्ही एकाच फेरीत करा. टिळक रस्त्यावरची साहित्य परिषद मात्र वेगळ्या दिवशी ठेवा. त्या रस्त्यावरून चालणं ज्येष्ठांना सोपं नाही.

आठ महिन्यांत आमच्या अकरा फेऱ्या झाल्या. ५९७ भागिले अकरा, म्हणजे फेरीला साधारण चोपन्न रुपये, दोघांत मिळून. रिक्षाला यापेक्षा जास्त गेले. हिशेबाने पाहिलं तर वस्तू महाग नाही. म्हणून एक ताऱ्याचे तीन करतोय, आणि तिन्ही तारे लिहिणाऱ्याचे आहेत. भिडे वाड्याचं निवेदन दुरुस्त झालं तर चौथा देईन. पाचवा बासरीसाठी राखून ठेवलाय.

मार्गांची मुदत फेब्रुवारीत संपतेय. वाढवायची की नाही हे अजून ठरलेलं नाही, कारण बरीच ठिकाणं वहीत उतरून झालीत. शनिवार पेठेतलं गांधर्व महाविद्यालय राहिलंय. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये सुरू केलेलं. येत्या गुरुवारी संध्याकाळी जायचं ठरवलंय. रविवारी तिथे शिकवणी असेल का कोण जाणे, आणि आईला दारातून गाणं ऐकायचंय.