चालवायला उत्तम, उघडायला अवघड: एका हॅचबॅकचे परीक्षण

सात वर्षे वापरलेल्या गाडीविषयी लिहिताना मायलेज, आसने आणि आवाज यांचा हिशोब मांडण्याचा प्रघात आहे. त्या बाबतींत माझी तक्रार नाही. चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनाची ही छोटी हॅचबॅक चालवायला हलकी आहे आणि आजवर रस्त्यात एकदाही बंद पडलेली नाही. तिच्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष या आकाराच्या अनेक गाड्यांत कमीअधिक प्रमाणात आढळतात. हे परीक्षण, बॉनेट उचलून किरकोळ कामे स्वतःच्या हाताने करणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिलेले आहे.

प्रारंभ डाव्या हेडलाइटच्या बल्बपासून करावा लागेल. एच-७ जातीचा, ५५ वॅटचा हा बल्ब कुठेही मिळतो आणि तो कधी ना कधी जाणार हे गाडीचे आरेखन करणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही हेडलाइटच्या पाठीमागे, जेमतेम चार बोटे अंतर सोडून, बॅटरी बसवलेली आहे. तेथे हात आत जातो, पण गेल्यावर वळत नाही. बल्बला धरून ठेवणारी तारेची क्लिप दिसत नसल्याने ती बोटांनी चाचपून आधी आत दाबावी आणि मग बाजूला सरकवावी लागते. त्यातच नव्या बल्बच्या काचेला बोट लागू द्यायचे नसते, कारण त्वचेचे तेल त्या काचेवर राहिले की तेवढाच भाग अधिक तापतो आणि बल्ब लवकर जातो. थोडक्यात, न दिसणाऱ्या जागी, न वळणाऱ्या हाताने, न शिवता बसवायची ही वस्तू आहे. मालकाच्या पुस्तिकेत या कामासाठी दोन चित्रे आहेत आणि दोन्हींत हेडलाइट गाडीतून काढून टेबलावर ठेवल्यासारखा दिसतो.

शेवटी मी बॅटरीच काढायला घेतली. टर्मिनलचे दहा नंबरचे नट सहज सुटले, परंतु बॅटरीच्या पायथ्याशी असलेल्या पट्टीचा बोल्ट लांब एक्स्टेंशन लावल्याशिवाय हाती लागत नव्हता आणि सुटताच तो सॉकेटमधून निसटून खाली गेला. जमिनीवर पडल्याचा आवाज मात्र आला नाही. इंजिनाखाली पूर्ण रुंदीचे प्लास्टिकचे आवरण आहे. बोल्ट त्यावर जाऊन बसला होता. ते आवरण दोन मापांच्या स्क्रूंनी आणि दाबून बसवायच्या प्लास्टिक क्लिपांनी धरलेले असून, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेल्या त्या क्लिपांपैकी तीन हातातच तुटल्या. अशा रीतीने एका बल्बसाठी मी गाडी जॅकवर उचलून, स्टँडवर ठेवून तिच्याखाली झोपलो. या कामाला साडेतीन तास लागले, आणि बॅटरी परत जोडल्यावर खिडकीच्या काचेला एका स्पर्शात वर जाण्याचे पुन्हा शिकवावे लागले, ते निराळेच.

दिव्यांच्या बसवणीविषयी संयुक्त राष्ट्रांचा ४८ क्रमांकाचा नियम आहे. बदलता येण्याजोगा बल्ब गाडीसोबत दिलेल्या हत्यारांखेरीज अन्य विशेष हत्याराविना बदलता यावा, असे तो सांगतो. दहा नंबरचा पाना हे काही विशेष हत्यार नव्हे, त्यामुळे माझी गाडी या अटीत कदाचित बसतही असेल. याच्या शेजारी, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडण्याचा १६ पिनांचा ओबीडी-२ सॉकेट ठेवून पाहावा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना तो सक्तीचा झाला आणि तो स्टिअरिंगपासून दोन फुटांच्या आत असावा, असे त्याच्या मानकातच बांधून दिलेले आहे. माझ्या गाडीतही तो गुडघ्याजवळ आहे. जेथे अंतर मोजून लिहिले गेले तेथे हात पोहोचतो, एवढा बोध त्यातून घेता येतो.

त्या सॉकेटमुळेच दुसरे दुखणे कळले. इंजिन अडखळू लागले तेव्हा स्कॅनरने काही क्षणांत पी०३०४ हा कोड दाखवला, म्हणजे चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होता, तिथले पेट्रोल नीट पेटत नव्हते. निदान इतके सोपे आणि उपचार असा, की पहिल्या तीन स्पार्क प्लगांवरच्या, त्यांना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइल सरळ वर निघतात, चौथ्यावर मात्र वायपरच्या मोटरचे घर आलेले आहे. कॉइल लांब आहे, ती अर्धी वर येते आणि अडते. पुढे जायचे तर वायपरचे दांडे काढायचे (ते आपल्या दातेरी आसांवर असे चिकटून बसतात की पुलर या ओढून काढण्याच्या हत्याराशिवाय हलत नाहीत), मग काचेखालची जाळी, मग मोटर. हे सगळे झाल्यावर प्लग बदलायला पाच मिनिटे पुरतात. मात्र इंजिन थंड असावे आणि प्लग हातानेच लावून घ्यावा, कारण इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले, प्लग बसतो ते आटे गेले तर वरची सगळी कसरत किरकोळ वाटेल.

यामागे कोणाचा दुष्टपणा असेल असे मला वाटत नाही. कारखान्यात इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेरच जोडून, त्यांना पेलणाऱ्या सबफ्रेम या चौकटीसह खालून बॉडीत चढवले जातात. तेव्हा चौथा प्लग चारही बाजूंनी मोकळा असतो आणि वायपरची मोटर त्यावर नंतर येते. जागेची ओढाताणही खरी आहे, कारण पादचाऱ्याच्या सुरक्षेसाठी बॉनेट आणि इंजिन यांत पोकळी ठेवावी लागते. आडवे इंजिन ही तर जुनीच तडजोड आहे. १९५९ मध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनीत इंजिन आडवे बसवून प्रवाशांसाठी जागा काढली, पण प्लगांना वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर समोरच्या जाळीमागे आल्याने त्यात पावसाचे पाणी जाई. मात्र इंजिन तेलाच्या चेंबरचा ड्रेन प्लग (तेल सोडण्याचे बूच) उघडता यावा म्हणून खालच्या आवरणाला खिडकी ठेवणारा माणूस, त्यापासून वीतभर अंतरावर आडव्या बसवलेल्या ऑइल फिल्टरसाठी दुसरी खिडकी ठेवायला विसरतो, याला तडजोड म्हणता येत नाही. फिल्टर सैल करताच त्यातले तेल आवरणावर ओघळते आणि पुढचे दोन आठवडे गाडीला जळक्या तेलाचा वास येतो.

न्यायाने सांगायचे तर केबिन फिल्टर हातमोजांच्या कप्प्यामागे आहे आणि तो कोणत्याही हत्याराविना निघतो. इंजिनाचा एअर फिल्टरही तितकाच सोपा आहे.

सर्व्हिस सेंटरवर गाडी सोडून निर्धास्त राहणाऱ्याने ही गाडी खुशाल घ्यावी. पानापेटी बाळगणाऱ्याने मात्र चालवून पाहण्याआधी बॉनेट उघडावे, दोन्ही हेडलाइटांमागे कोपरापर्यंत हात घालून पाहावा आणि खाली वाकून आवरणाच्या खिडक्या मोजाव्यात. हेडलाइटचे बल्ब नेहमी जोडीने बदलावेत, असा सल्ला मीच इतरांना देत आलो आहे. माझा उजवा बल्ब वॉशरच्या पाण्याच्या टाकीमागे आहे आणि त्याच्यासाठी आणलेला नवा बल्ब अजून खोक्यातच आहे.